शेवट बघितल्याबिगर

परभणीत आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. शाळेत इतिहास शिकवायच्या. कुणी कुणाला नशीबवान म्हटलं की डाळ निवडता निवडता त्यांची मान हलायची. "ग्रीकांच्या एका शहाण्यानं राजाला सांगितलं होतं, शेवट बघितल्याबिगर कुणाला सुखी म्हणू नये." माझं लग्न झालं तेव्हा सगळ्यांनी माझं नशीब वाखाणलं, बाई मात्र नुसतं "बघू" म्हणाल्या. मला रागच आला होता.

पुढं विद्यापीठाच्या नामांतरावरून खेड्यापाड्यांत आमच्या लोकांची घरं जळू लागली. माझे मालक तेव्हा पिंगळीच्या पलीकडं एका शाळेवर मास्तर होते. एसटी बंद झाली. दुसऱ्या दिवशीही ते आले नाहीत, तशा गल्लीतल्या बायका माझ्याजवळ येऊन बसल्या आणि एकीनं गळाच काढला.

बाई पिठाच्या हातानंच धावत आल्या. "रडायची लय घाई करायलात तुमी," त्या कडाडल्या. "सुखाला शेवटापर्यंत थांबायचं, मग दुःखाला का न्हाई?"

बाई माझ्या चुलीपुढं बसल्या आणि मास्तरांच्या वाटणीच्याही भाकरी थापल्या.

ऊन कललं तेव्हा मास्तर दारात उभे राहिले. रुळाच्या कडेकडेनं चालत आले होते. बाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, "हात धुवा, जेवायला बसा" म्हणाल्या, आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

मास्तरांनी पहिला घास घेतला, तेव्हा भिंतीपलीकडून बाईंचे हुंदके ऐकू येत होते.