बक्षिसाचं पेन

सुकेळ्यांचा वास आला की गिरीज गावातली ती दुपार आठवते. पन्नाशीत मी ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं होतं आणि निबंधलेखनाच्या पहिल्याच तासाला बाईंनी स्वतःविषयी लिहिलेलं वाचायला सांगितलं. शाळेत पेनाचं बक्षीस मिळालेला माझा निबंध खरं तर ताईने लिहिला होता. पुढे तिचीच शाळा सुटली आणि मी गप्प राहिलो. तेच लिहिलं होतं. ताई शेजारीच सुकेळ्यांसाठी वाळवायची केळी सोलत बसली होती. शेवटपर्यंत वाचलं. मोबाइलमधून टाळ्या आल्या. सोलणं थांबवून ताई म्हणाली, "मेल्या, माझ्यापेक्षा बरं लिहितोस की!" बक्षिसाचं पेन त्याच दुपारी तिला दिलं. आता साध्या पेनाने लिहितो, पण सगळं माझं असतं.