दादाचा हवेवरचा चिमटा

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी महाराणा प्रताप नगरात शिकवणीच्या वर्गावर होते. फळ्यावरचं गणित अर्धवट टाकून पिपलानीच्या हॉस्पिटलात धावले. दीड महिना होत आला, अजून राग जात नाही. कोणावर, ते विचारू नका…

सुधीरदादा कारखान्यात आयुष्यभर कॉम्प्रेसरपाशी राहिला. निवृत्तीनंतरही हवेचा नाद सुटला नाही. जेवणाच्या टेबलावर तो ऑपरेशनच्या रोबोटसाठी चिमटा बनवत होता. जाळीत गुंडाळलेली रबरी नळी; हवा भरली की ती स्नायूसारखी फुगून आखडायची आणि चिमटा मिटायचा. "डॉक्टरला पडद्यावर सगळं दिसतं गं, पण मऊ-कडक हाताला लागत नाही," तो म्हणायचा. म्हणून डॉक्टरने धरायच्या मुठीत हवेची बारीक पिशवी बसवलेली. चिमट्यात येईल त्याचा दाब ती बोटाला परत द्यायची. परीक्षा वहिनीच्या भातावर. डोळे मिटून चिमट्याने शीत चेपायचं आणि शिजलंय की कच्चं ते सांगायचं. वहिनी वैतागायची, "अहो, आधी जेवा, मग करा काय ते प्रयोग!"

मग कॅन्सर निघाला. केमो सुरू झाल्यावर दादा म्हणू लागला, चिमटा बिघडलाय. "काहीच लागत नाहीये, यार," म्हणत रोज पिशवीचा दाब वाढवायचा. एका रविवारी त्याने मूठ माझ्या हातात दिली. मी शीत चेपलं आणि बोटाला असा दणका बसला की ओरडलेच. "दादा, चिमटा ठणठणीत आहे. तुझी बोटं बधिर झालीत!" बोलून गेले खरी. तो बराच वेळ अंगठ्यावर बोटं घासत बसला. "केमोने होतं असं, डॉक्टर म्हणाले होते… माझ्या डोक्यातच आलं नाही." मग म्हणाला, "नलू, आता तू सांग. मी दाब लावतो."

पुढे मी चेपायचे, तो खटपट करायचा. चिमटा पुरा झाला. त्याच्या ओळखीचे एक सर्जन आले, डोळे मिटून शितं चेपत राहिले आणि लहान मुलासारखे हसले. "लागतंय?" दादाने तीनतीनदा विचारलं. त्याला स्वतःला मात्र ते कधी लागलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात त्याच्या उशाशी होते. त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत होता. डोळे मिटलेलेच. पुटपुटला, "नलू, आहेस ना? जरा हात धर ना…"

"धरला हं, दादा," मी म्हटलं. कधीची धरूनच बसले होते.