कटिंगच्या दिवसांतली शकीलाबी

शकीलाबी गेल्याचं मला मशिदीच्या भोंग्यावरून कळलं. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आधी खरखर झाली, मग तिचं नाव, मग तिच्या नवऱ्याचं नाव, मग दफन दुपारच्या नमाजानंतर असल्याचं. शेंगा सुपात टाकून मी निघाले आणि फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. अंगावर घरचं विटकं लुगडं होतं. ते बदलून मग गेले. मैतीला जातानाही मला चारचौघांत आपण कसे दिसतो याची काळजी. ती जिवंत असती तर दारातूनच ओरडली असती, "आली वं शांता, नवं लुगडं नेसून आली मह्या मैतीले."

त्याला आता दोन महिने होत आले. तिच्याबद्दल लोक चांगलं बोलतात. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. ती काही देवमाणूस नव्हती. तोंडाची फटकळ, मशेरीची व्यसनी, आणि पोटात एक गोष्ट ठेवायची नाही. स्वतःचीही नाही आणि दुसऱ्याचीही नाही. तिच्या या तोंडापायी मी जेवढी खाली मान घातली तेवढी माझ्या सासरच्यांनीही मला घालायला लावली नाही.

आमची ओळख जिनिंगातली. मोताळ्याच्या बाजूला कंपनीचं जिनिंग होतं, कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. माझा नवरा मुलगी लहान असतानाच गेला, तेव्हापासून मी तिथं कामाला. आम्हा बायांचं काम कवडी वेचायचं, म्हणजे कापसाच्या ढिगातून पिवळी पडलेली, किडकी बोंडं आणि पालापाचोळा वेगळा काढायचा. दिवसभर ढिगाला तोंड करून बसायचं, नाकातोंडात तंतू. शकीलाबी माझ्या शेजारी बसायची. तिचा नवरा गाद्या भरायचा, त्यामुळे तिचं घर दोन्हीकडून कापसाचंच. बीटीचं बियाणं नवं होतं तेव्हा कापूस इतका यायचा की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि जिनिंग रात्रीही बंद व्हायचं नाही. मग काही वर्षांनी बोंडात पुन्हा अळी निघायला लागली, तिकडे बाहेर देशात मंदी आली म्हणे, गाठींना गिऱ्हाईक नाही. गोदामात गाठी छतापर्यंत लागल्या. एका सकाळी मॅनेजरनं सगळ्यांना वजनकाट्यापाशी बोलावलं आणि वाचून दाखवलं की कंपनी कोणालाही कामावरून काढणार नाही, पण मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचा पगार कापला जाईल, कंपनीच्या सगळ्या जिनिंगांत. त्याचाही पगार कापलाच होता.

काढून टाकलं असतं तर रडता आलं असतं, कोणाला शिव्या देता आल्या असत्या. पण काम तेच, ढीग तोच, सकाळी निघायचं तसंच आणि हातात येणार कमी. हे कोणाला सांगायचं कसं? मी सांगितलं नाही. बाकीच्या बायांनीही नाही. आमच्यात पद्धत होती, दुपारी सगळ्यांचे डबे मधे ठेवायचे आणि भाजी फिरवायची. पगाराची कटिंग झाली आणि आठ दिवसांत ती पद्धत मोडली. कोणी भिंतीकडे तोंड करून बसलं, कोणी उपवास सांगितला, मी पदराखाली डबा धरून नुसती भाकर खायची. शकीलाबीनं मात्र आपला डबा मधे नेऊन उघडला. "ठेचा हाये. उद्या बी ठेचा हाये. ज्याले खायाचा त्यानं या." कोणी उठलं नाही. ती एकटीच मधे बसून खात राहिली आणि आम्ही सगळ्या भिंतीकडे.

जिनिंगात हे चाललं, पण बाजारात मला ती नको वाटायची. बाजाराच्या दिवशी आमच्या मजुरीचा हप्ता व्हायचा आणि आम्ही सोबत जायचो. दुकानदार ओळखीचा. नेहमीचं तेल मोजायला त्यानं माप उचललं की ही सगळ्या गर्दीत म्हणणार, "एवढं नाही बाप्पा. आमच्या पगाराची कटिंग झाली. अर्ध दे." लोक वळून बघायचे. मी दोन दुकानं पुढे जाऊन उभी राहायची, जशी काही तिच्यासोबत नाहीच. एकदा रस्त्यात मी तिला म्हटलं, "तुले शरम नाही येत काऊन वं?"

"येते ना," ती म्हणाली. "म्हनून त जोरानं बोलते. हळू बोललं की तो दोनदा इचारते."

त्याच दिवसांत माझ्या सुनंदाला स्थळ आलं, डोणगावचं. मुलाचे वडील आमच्याच कंपनीच्या तिकडच्या जिनिंगात फिटर होते. मुलगा निर्व्यसनी, आयटीआय झालेला. बिनबापाच्या मुलीला असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. पोरगी त्यांनी बघितली, पसंत केली, आता बैठक राहिली होती, म्हणजे कोणी काय करायचं ते बोलून कुंकू लावायचं. मला रात्रंदिवस एकच भीती. माझा मजुरीचा रोज कापलाय हे त्यांना कळलं तर ते म्हणतील, ही बाई लग्न काय उभं करणार, आणि उठून जातील. म्हणून निरोप्याजवळ मी आधीच सांगून पाठवलं होतं की कटिंग फक्त पर्मनंट लोकांची झाली, आम्हा रोजंदारीच्या बायांना हात लावला नाही. तिकडून त्यांचाही निरोप आला होता की फिटर लोकांना कंपनी कशी कापेल, त्यांच्याशिवाय मशीन चालतं का? तो मी खरा धरला. माझा खोटा त्यांनी खरा धरला. कंपनी एक, कागद एक, आणि दोघांनाही आपलंच खोटं चालून गेलं असं वाटत होतं. आज लिहितानाही कान गरम होतात.

बैठकीच्या दिवशी शकीलाबी सकाळपासून माझ्या घरी. तिच्या घरच्या चांगल्या कपबश्या तिनं आणल्या होत्या, चहा तीच करत होती. मी तिला चुलीपाशी धरून सांगितलं, "आज तोंड बंद ठेवजो माय. तुह्या पाया पडते."

"हाव ना वं," म्हणाली.

पाहुणे ओट्यावर सतरंजीवर बसले. ईवाई म्हणजे मुलाचे वडील, त्यांची बायको, मुलगा आणि त्याचा मामा. बोलणी सुरू झाली. मी म्हटलं, दोन्ही गावांचं जेवण माझ्याकडे, बुंदी आणि पुरी. ईवाई म्हणाले, "मंग आमी बी कमी नाही. पोरीले सोन्याची पोत." मामा म्हणाला बॅन्ड अमुक गावचा लावू. मी भांड्यांचा सेट म्हटला, वर कपाटही म्हटलं. माझ्या तोंडातून कपाट कसं निघालं मलाच कळलं नाही. ईवाई घाम पुसत होते आणि पुढचं बोलत होते. शकीलाबी चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. ती कितीतरी वेळ उभी होती बहुतेक. मग तिनं ताट खाली ठेवलं.

"दोघं बी काऊन झूठ बोलून राह्यले?" ती म्हणाली. "एकाच कंपनीचं खाता ना तुमी? मानेजरनं मह्यासमोर वाचलं. झाडूवालीपर्यंत सगळ्यायची कटिंग. हिचा रोज कापला, मी शेजारी बसते हिच्या. अन् तुमचा पगार काऊन वाचंल, फिटरभाऊ? तुमचे हात काय सोन्याचे हायेत?"

मामा उगाच चहाकडे बघायला लागला. मुलाची मान खाली. ईनबाईनं, म्हणजे मुलाच्या आईनं, नवऱ्याकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे वळून बसली. ईवाई उठले, चपला न घालताच अंगणात गेले आणि गोठ्याच्या कडेला आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आत सुनंदा हिरवं लुगडं नेसून बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. त्या क्षणी मला शकीलाबीचा गळा धरावासा वाटला... आणि ती मात्र म्हणते, "घ्या, चहा थंडा व्हते."

ईवाई परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सतरंजीच्या काठाला बोलल्यासारखं म्हणाले, "पोरगी पसंत हाये. जेवन एकाच गावाचं करा. बॅन्ड नाही, कपाट नाही, आमच्याकून पोत नाही. मनी-डोरलं घालू." झालं. कुंकू लागलं.

लग्न देवळाच्या आवारात वरण-पोळीवर झालं. गावात लोक बरेच दिवस 'कटिंगचं लग्न' म्हणून हसले. माझ्या जावांनी तर ते शब्द माझ्यासमोर उच्चारले. सुनंदाचा संसार चांगला झाला, दोन मुलं आहेत. जिनिंग पुढे दोन-तीन हंगामांत बंदच पडलं, कापलेला पगार कोणाचा परत आला नाही. इतक्या वर्षांत ईवाई आणि मी बारशाला भेटलो, सणाला भेटलो, ईनबाईच्या तेराव्यालाही भेटलो, पण त्या ओट्यावरच्या गोष्टीचा शब्द दोघांपैकी कोणी काढला नाही. बोलायला लागलो की नजर आपोआप दुसरीकडे जायची. शकीलाबी समोर असली तर मी विषय बदलायची, कारण तिचा भरवसा नाही.

गेल्या महिन्यात तिचा चाळिसावा होता, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचं जेवण. सुनंदा आणि जावई डोणगावहून आले आणि त्यांच्यासोबत ईवाई. मला वाटलं नव्हतं ते येतील. आता काठी घेऊन चालतात. आम्ही दोघं मटण खात नाही, म्हणून आम्हाला घरच्यांनी आतल्या खोलीत वेगळं बसवलं, आमच्यासाठी वरण-भात आणि वांग्याची भाजी केली होती. आम्ही जेवायला लागलो. मग ते ताटाकडे बघत म्हणाले, "ईनबाई, त्या दिवशी मह्या बायकोले तिथंच समजलं. तुमच्या ओट्यावर. तोवर मी कटिंगचं घरी सांगतलंच नव्हतं. महिना झाला की पुरा पगार हातात देत होतो तिच्या."

पुरा पगार ते कुठून आणत होते, ते मी विचारलं नाही.

"तुमच्यासंग त नंतर काही बोलल्या असतीन ना?" मी म्हटलं.

"घरी गेल्यावर रडली. म्हने, परक्या बाईच्या तोंडून ऐकावं लागलं." ते भातात वरण कालवत राहिले. "पोतीसाठी मी वावराचं गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. शकीलाबी बोलली नसती त वावर गेलं असतं. आज पोरगा तेच वाह्यते. अन् मी तिले एकदा सलाम नाही केला. गावात आलो की दुसऱ्या गल्लीनं जात होतो."

मीही तिला कधी 'बरं केलं' म्हटलं नव्हतं. आम्ही दोघं ताटात बोटं फिरवत बसलो. तेवढ्यात शकीलाबीची सून भाताचं पातेलं घेऊन आली. "खाला, घ्या ना आनखी. चाचा, तुमी बी घ्या."

"नको वं माय, पोट भरलं," मी म्हटलं.

"मले बी नको, लय झालं," ईवाई म्हणाले.

सून पातेलं घेऊन परत गेली. मी सकाळपासून चहावर होते. ईवाई डोणगावहून पहाटेच्या एसटीनं आले होते. आम्हाला दोघांनाही अजून चांगली भूक होती, आणि ते सुनेला हाक मारून मोठ्यानं सांगणारं त्या खोलीत कोणी नव्हतं.