काकांचा अर्धा मिलिमीटर

कटिंग ऑइलचा वास आला की मोरिवलीतला लेथवाल्या काकांचा तो गाळा आठवतो. कॉलेजच्या स्पर्धेसाठी आम्ही रॉकेट बनवत होतो. इंजिनाचा जोर वाढणार नव्हता, म्हणून वजन उतरवायचं होतं. "काका, इंजिनाची नळी अजून पातळ करा," मी हट्ट धरला. "पोरी, फुटली म्हणजे?" मी ऐकेना, तेव्हा त्यांनी मला न सांगता अर्धा मिलिमीटर जास्त ठेवला. रॉकेट जेमतेम माडाएवढं उडालं, आम्ही शेवटचे आलो. मग मी नळीची टोकाकडची जाडी मापली, ती जास्त भरली, आणि तणतणत नळी त्यांच्यापुढे आपटली. त्यांनी ती शांतपणे उभी कापून माझ्या हातात दिली. मधोमध आतून जळून ती कागदासारखी पातळ झाली होती. उडवताना मी तिच्यापासून दहा पावलांवर उभी होते. आज रॉकेटच्या नळ्यांची जाडी मीच ठरवते, आणि दरवेळी काकांचा अर्धा मिलिमीटर आधी धरते.