लूपेताईच्या पातेल्यातला राग

एलेनाचा हॉस्पिटलमधून फोन आला. "आई गेली, मावशी," एवढंच म्हणाली. तिची आई म्हणजे आमची अर्विंग गावातल्या अपार्टमेंटमधली शेजारीण, लूपेताई. तीन आठवडे होत आले, मला अजून खरं वाटत नाही...

बाई मेक्सिकोची, माझ्याहून बरीच मोठी. नुसतं लूपे म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून ताई. तिचं इंग्रजी तोडकं, माझं पुस्तकी, तरी गप्पा तासन्‌तास. आणि हट्टी म्हणजे किती हट्टी! माझ्यासाठी चरबी न घालता राजम्याचे तमाले वेगळे करायची, आणि वर 'याला काही चव नाही' असं तोंडावर सांगायची.

तमाले म्हणजे मक्याचं पीठ फेसून, सारण भरून, कणसाच्या वाळक्या पानांत गुंडाळून उकडायचे. आपल्या पानग्यांसारखंच काहीसं. नाताळच्या सुमारास घरातल्या बायका एकत्र बसून करतात. ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट असेल, त्या वर्षी आम्ही तिघीच होतो आणि मायलेकींत अबोला. एलेनाने कॅलिफोर्नियात नोकरी धरली होती. नाताळलाही थांबणार नव्हती, दुसऱ्या दिवशी सकाळचीच बस होती. "गेलीस तर या दारात परत येऊ नकोस," असं लूपेताई बोलून बसली होती, आणि बोललेला शब्द मागे घेईल तर ती लूपेताई कसली. पानं हवी असली तरी मला सांगायची, मी एलेनाला. मी नुसती जीव मुठीत धरून पीठ थापत होते.

त्यात तमाले शिजेनात. पाहुणे यायची वेळ झाली, तरी पान सोडवावं तर पीठ चिकटलेलंच. त्यांच्यात मानतात, स्वयंपाकघरात कुणाच्या मनात राग असला की तमाले कच्चे राहतात. मग पातेल्याच्या कानांना पानांच्या पट्ट्या बांधायच्या आणि रागावलेल्यांनी एकमेकांना जवळ घ्यायचं. लूपेताईने पट्ट्या बांधल्या, हात पुसले.

"इथे कुणीतरी रागावलंय," ती म्हणाली. बघत मात्र माझ्याकडे होती.

मघाशी गॅस अगदी बारीक करताना मी तिला पाहिलं होतं ना! एलेना सिंकपाशी पाठमोरी उभी. ही आता 'कसली अंधश्रद्धा' म्हणून हसेल आणि बॅग उचलून चालू लागेल, मग संपलंच सगळं, असं मला वाटलं. तिने नळ बंद केला. ओले हात झटकले, मग आली आणि आईच्या गळ्यात पडली.

"ईस्टरला ये," लूपेताई एवढंच म्हणाली. मी हळूच गॅस मोठा केला.

परवा, सगळं उरकल्यावर, त्याच स्वयंपाकघरात मी एलेनाला ते गॅसचं सांगितलं. म्हटलं, आता लपवून काय करायचंय.

"माहीत आहे, मावशी. सिंकवरच्या खिडकीच्या काचेत दिसलं होतं मला." "तिला सॉरी म्हणता येत नव्हतं, म्हणून तर मीच तिच्याजवळ गेले. तिला मात्र शेवटपर्यंत कळू दिलं नाही."