आत्याने आम्हाला विकलेला प्लॉट

माझ्याकडून नक्कल आपोआप होते. समोरचा बोलायला लागला की त्याचं नाक ओढणं, मान हलवणं, सगळं माझ्या अंगात शिरतं. कॉलेजात मी प्रिंसिपलपासून चायवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नकला काढायचो. पण त्या बघून हसणारं माझं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे आत्या. बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, प्रायमरी शाळेत टीचर होती. हसू आलं की पदर तोंडात कोंबायची.

आजोबांनी गावाबाहेरचा, नानाखेड्याचा प्लॉट तिच्या नावावर केला होता, कारण शेवटपर्यंत त्यांचं तिनेच केलं. तेव्हा तिकडे नुसत्या बाभळी. "तुला घर बांधायचं झालं की माझ्याकडून घे, आजच्या भावात," असं ती बाबांना बोलून बसली. मग तिकडच्या बस स्टँडच्या आजूबाजूला कॉलन्या व्हायला लागल्या, भाव चौपट झाला, आणि नेमकी तेव्हाच आमची सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली. आत्या म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. जुनाच भाव."

हे ऐकून इंदूरचे काका आले. तिचा सगळ्यात धाकटा भाऊ. "ताई, मला त्यातला एक पैसा नको. पण बाहेर विकलास तर म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. दादाला फुकटात देऊन तुला काय मिळणार?"

खरं सांगू, काका चूक नव्हते. आत्यालाही पटत होतं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून एक काय ते सांगा, तेव्हाच सही करीन. मला भाऊ दोन्ही पाहिजेत."

दोघांचं काही जमलं नाही. निघताना काका फाटकाशी बाबांवर भडकले. मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी आत्या तोंड पाडून मटार सोलत बसलेली. म्हटलं, हिला जरा हसवू. मी काकांसारखा चष्मा वर सरकवला, कॉलर झटकली आणि नाकातून सुरू झालो, "घे दादा घे, म्हातारीचा हात धरून सही करून घे. तिला काय समजतंय? उभा जन्म दुसरीच्या वर्गाला पाढे शिकवले, स्वतःचं गणित कधी आलं नाही."

ती हसली. पदरसुद्धा कोंबला. मग म्हणाली, "परत कर."

मी परत केलं. या वेळी हातवारे पण घातले.

"असंच म्हणाला?"

खोटं बोलायला एक सेकंद पुरला असता. मी म्हटलं, "रागात होते गं."

"याला मॅट्रिकला गणितात पास मी करवलं," एवढंच बोलली आणि सोलत राहिली. संध्याकाळी बाबांना सांगितलं, "रजिस्ट्री करून टाक. कोणाला विचारायचं नाही." बाबा म्हणाले, "थोडं थांबू या का?" एकदाच म्हणाले. आम्हाला घर हवं होतं.

रजिस्ट्री झाली. बाबा कागदांसाठी ऑफिसातच थांबले आणि मी आत्याला टावर चौकात कचोरी खायला नेलं. तिने द्रोण नुसता हातात धरून ठेवला. "इंदूरला फोन लाव," म्हणाली.

बाजूलाच एसटीडीचं दुकान होतं. नंबर लावून मी रिसीव्हर तिला दिला. काकांचं "हॅलो, हॅलो" मला बाजूला उभं राहून ऐकू येत होतं. तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"काका, मी बोलतोय. आत्याला तुमच्याशी..."

मग काका, जे आमच्याशी जन्मात मराठीशिवाय बोलले नव्हते, म्हणाले, "रॉन्ग नंबर है, भाईसाब."

मी फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"लागलाच नाही, आत्या. लाईन खराब आहे."

तेवढ्यात मशीन कुरकुरलं आणि बिलाची पट्टी बाहेर आली. न लागलेल्या फोनची पट्टी निघत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दुकानदाराने ती फाडून आत्यापुढे धरली. तिने चष्मा लावून काकांचा नंबर वाचला, पैसे दिले, पट्टीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"लाईन खराब आहे ना," ती म्हणाली, "मग उद्या लावू."