फरीदाबादची खचलेली जमीन

जमीन किती हलते हे आकाशातून मोजायचं, हे दिल्लीतल्या एका सरकारी ऑफिसात माझं काम. फरीदाबादच्या एका वस्तीसाठी आमच्याकडे दोन पद्धती होत्या. एका इमारतीच्या गच्चीवर जीपीएस बसवलेलं होतं; ते त्या एकाच जागेचं वर-खाली सतत सांगायचं. उपग्रहाच्या रडारमध्ये मात्र अख्खी वस्ती एकदम दिसायची. जीपीएस म्हणत होतं, काहीच खचलेलं नाही. रडार म्हणत होतं, जमीन खाली चालली आहे. दोन्हींची तुलना करायचं काम माझ्याकडे होतं.

आमचे साहेब मराठीच. आर. के. पुरमला आमच्या घरी गणपतीत हक्काने जेवायचे. त्यांना प्रमोशनआधी रिपोर्ट हवा होता.

"अहो, रडार सोडा. झाडं, हवेतली वाफ, सगळं त्यात घुसतं. जीपीएसवर लिहून मोकळे होऊ."

"सर, एकदा जागेवर जाऊन बघू या."

"तुम्हाला उगाच फाटे फोडायची सवय आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. प्रोजेक्टमधून माझं नाव काढलं.

मी सुट्टी टाकून एकटीच फरीदाबादला गेले. इमारतीचा पाया खोल, खालच्या घट्ट थरात रोवलेला होता. ती जागची हलली नव्हती. भोवतीची माती मात्र बोअरवेलचं पाणी उपसून उपसून खाली बसली होती. दारापुढच्या पायऱ्या तिच्याबरोबर गेल्या होत्या, उंबरठा वरच राहिला होता. मधल्या फटीत माझा पंजा सहज जात होता. जीपीएस इमारतीचं खरं सांगत होतं, रडार जमिनीचं.

मी फोटो काढले. साहेबांना सांगता आलं असतं. नाही सांगितलं. रिपोर्ट ज्या समितीपुढे जाणार होता, तिच्या मीटिंगपर्यंत मला जेवण गोड लागत होतं.

मीटिंगला ऑफिसातल्या सगळ्यांना बसायचं होतं, मलाही. समितीपुढे साहेब ठासून म्हणाले, जमीन स्थिर आहे. मी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग फोटो पडद्यावर लावायला सांगितला आणि विचारलं, "सर, मग ही पायरी खाली कशी गेली?"

समितीच्या अध्यक्षांनी साहेबांना विचारलं, "आप साइट पर गए थे?"

"नहीं."

रिपोर्ट परत आला, प्रमोशन हुकलं, प्रोजेक्ट माझ्याकडे आला. लिफ्टमध्ये ते हळू आवाजात म्हणाले, "हे मला एकट्याला सांगायचं होतंत."

मी मजल्याचं बटण दाबलं.

पुढे त्यांची बदली झाली. निरोपाला प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे होते. माझी पाळी आली तेव्हा मी समोसा खात होते. सगळे थांबले. मी सावकाश समोसा संपवला, हात पुसले आणि बाहेर पडले.